जुन्या जोडीची नवरी

विमलाबाईंनी पिशवीतून नवरा-नवरीच्या बाहुल्यांची जोडी काढली, उज्वलाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "नवरी तेवढी बदलून द्या."

उज्वलानं जोडी लगेच ओळखली. आपल्या हातचं काम कोण विसरतं? सिडकोतल्या याच खोलीत यातली नवरी, पायल, लग्नाआधी तिच्यासमोर बसली होती आणि गालावरची खळी नीट उतरावी म्हणून गाल दुखेपर्यंत हसत राहिली होती. नवरा शेखर, म्हणजे विमलाबाईंचा मुलगा.

"पायल कुठंय, काकू?"

"वणीला, माहेरी. सोडचिठ्ठी झाली. पाळणा हलला नाय, किती वाट बघायची?" विमलाबाईंनी मागं उभ्या असलेल्या मुलीला पुढं केलं. "ही हर्षाली, ओझरची. रविवारी साखरपुडा हे. हिला समोर बसवूनच करा, फोटोवरून नाक बिघडतं."

हर्षाली स्टुलावर बसली. बाहुलीवरून तिची नजर काही हटेना.

उज्वलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आलेलं गिऱ्हाईक हाकलण्याची तिची ऐपत नव्हती, म्हणून तिनं मातीला पुढं केलं. "ही एअर ड्राय क्ले, काकू. एकदा वाळली की संपलं. वाळलेल्यावर ओली चढवली तर आक्रसते, तडे जातात. जोडीच नवी करू."

"शेखर तर तोच हे ना? त्याला कशाला हात लावायचा? शालू चांगला हे, दागिने चांगले हेत. तोंड तेवढं घासा. तडा गेला तर रंगानं झाकून टाका."

उज्वलानं काचपेपर घेतला. आधी खळी गेली, मग टिकली, मग डोळे. भुकटी शेखरच्या मोजडीवर पडली, ती विमलाबाईंनी पदरानं हलकेच पुसली.

"आणि हो, एक बाळ पण करून ठेवा. मुलगाच करा. आत्ता नका चिकटवू, पुढं येऊन लावून घेईन."

"शेखरला दाखवलं होतं का डॉक्टरांना?" उज्वलाच्या तोंडून निघून गेलं.

"त्याला काय धाड भरलीय?" विमलाबाई फणकारल्या. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. त्याला थांबवायला त्या जिना उतरून गेल्या.

उज्वलानं घासलेल्या जागेवर ओली माती थापली आणि अंगठ्यानं नाक उचलायला घेतलं. हर्षाली स्टुलावरून पुढं वाकली.

"ताई, माझ्या पाठच्या दोघी लग्नाच्या हेत. मला नाय म्हणता येत नाय."

"कळतंय गं मला."

"मग एक करा. ते बाळ लागेपर्यंत माझं तोंड कच्चंच राहू द्या. उद्या माझं पण घासायला तुम्हाला जड जायचं नाय."