अंधारातला अंतरपाट

शेजारच्या कापसाच्या जिन कारखान्यातून तार ओढून गुलाबरावांनी लेकीच्या लग्नात बिजलीचे दिवे लावले. त्या तोऱ्यात गॅसबत्त्या सांगितल्याच नाहीत. ऐन गोरज मुहूर्तावर वैशाखातलं वादळ उठलं. मांडवाचं कापड उडालं, दिवे गेले, रस्त्यावरचे कंदीलही विझले, अख्खं कारंजा गाव काळोखात बुडालं. “उजेड तं येऊ द्या!” मामा ओरडले. “मुहूर्त थांबत नाही,” म्हणत भटजींनी अंधारातच अंतरपाट दूर केला. अक्षतांबरोबर गारा पडू लागल्या. नवरीनं नवरदेवाला आजवर पाहिलंच नव्हतं. आताही तो दिसेना. तेवढ्यात वीज कडाडली, उभं आभाळ पांढरंफटक झालं. सगळ्यांनी डोळे मिटले, तिनं नाही. समोर तो मुंडावळ्या बाजूला सारून, तोंड वासून आभाळाकडे बघत होता. “बापा, केवढं हे!” तो पुटपुटला. पुन्हा एकदा लखलखलं तेव्हा त्याची नजर तिच्यावर होती. चेहरा मात्र मघाचाच होता.