दुसरा कान

ऑनलाइन समुपदेशनाला ती कॉलेजातली मुलगी दर वेळी एकाच कानात इअरफोन घालून बसायची.

"एक कान मला दिलास, दुसरा कुठे गहाण टाकलास?" समुपदेशक ताईंनी एकदा हसत विचारलं.

"बाबांकडे," तीही हसली. "पिऊन आतल्या खोलीत झोपलेत. घोरताहेत तोवर चिंता नाही. आवाज थांबला की पळत जाऊन कुशीवर वळवायचं, नाहीतर उलटी घशात अडकते. आई कामावर असते ना, ताई."

त्यानंतर ती बोलता बोलता मध्येच उठून गेली, तरी ताई कॉल बंद न करता रिकाम्या खुर्चीकडे बघत थांबायच्या.

मग बरेच दिवस ती आलीच नाही. आज आली, ती दोन्ही कानांत इअरफोन घालून.

ताईंचा चेहरा खुलला. "अरे वा! बाबा व्यसनमुक्ती केंद्रात जायला तयार झाले वाटतं?"

तिने नाही अशी मान हलवली. सवयीने एक इअरफोन काढला, आतल्या खोलीकडे कान देऊन क्षणभर ऐकलं आणि तो पुन्हा कानात घातला.

"बोला ताई," ती म्हणाली. "आता मध्येच उठावं लागणार नाही."