कोपरेकाकांचा हट्ट

"कट!" दिग्दर्शक ओरडला आणि स्वतःचाच रुमाल शोधायला लागला. मेकअपवाली तर हुंदके देत होती. टाळ्या थांबेचनात.

कोपरेकाका मात्र हातात पत्र धरून तसेच बसले होते. बावीस वर्षं मालिकांमध्ये नोकर, कारकून, शेजारी अशी कामं करत ते कायम पडद्याच्या कोपऱ्यात उभे राहिले, म्हणून हे नाव. आज पहिल्यांदा अख्खा सीन त्यांचा होता. म्हाताऱ्या कारकुनाला मुलाचं पत्र येतं, 'मी आता परत येणार नाही.' संवाद एकही नाही. नुसतं वाचायचं.

काकांचा एक हट्ट साऱ्या युनिटला ठाऊक होता. शूटिंगला पत्र म्हणून कोरा कागद देतात, तो काकांना चालत नसे. "कोऱ्या कागदावर डोळे काय फिरवू? नाही जमत बुवा मला! काहीतरी लिहून द्या." मग कुणीतरी हसत हसत त्यावर किराण्याची यादी खरडून देई. आज कागद खुद्द प्रॉडक्शन मॅनेजरने आणून दिला होता. त्यावर छापलं होतं, "आपली भूमिका शुक्रवारच्या भागात संपत आहे. सहकार्याबद्दल आभार." मालिकेत नवी सासू येणार होती, तिला जागा नको?

कॅमेरा चालू असतानाच काकांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सोमवारपासून डबा घेऊन जायचं कुठे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

तो भाग लागला आणि जिकडे तिकडे काकाच काका! बावीस वर्षांत ज्याने त्यांचं नाव एकदाही छापलं नव्हतं, त्या समीक्षकाने नुसत्या चष्मा काढण्यावर अर्धं पान लिहिलं. अभिनयाच्या शिकवण्यांत पोरं चष्मे पुसायला लागली.

"अहो, शेजारीण ढसाढसा रडली," काकू म्हणाली. "एवढं केलंत तरी काय?"

"काही नाही गं. वाचलं."

तवा तापलेला बघून निर्मात्याने पत्रकार बोलावले. काकू पहिल्या रांगेत बसली. "काकांशिवाय मालिका? छे! हा घ्या तीन वर्षांचा करार!" असं म्हणत त्याने एक कागद काकांच्या हातात कोंबला.

काकांनी तो उलगडला. कोरा करकरीत.

त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. तो छत न्याहाळत होता. निर्माता कॅमेऱ्यांना दात दाखवत होता. इथे तोंड उघडलं की उरलीसुरली आशाही संपली, हे काकांना कळत होतं. आणि समोर काकू डोळे लावून बसली होती.

काकांनी चष्मा सारखा केला. कागदावर डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ, सावकाश नजर फिरवली. मध्येच थांबून भुवया उंचावल्या. एक ओळ पुन्हा वाचली. शेवटी खाली सहीपाशी पोहोचले आणि असे काही खुलले, की काकूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

समीक्षक शेजारच्याच्या कानात कुजबुजला, "पडद्यावर काय ताकद आहे या माणसाची! आणि इथे बघ, किती साधा. अभिनयाचा लवलेश नाही."