दोनशे दहावं पान

"हे मधेच लाल कशाला होतंय आता?" गौतमी लॅपटॉपकडे बघत पुटपुटली. "एकवीस दिवस गुमान चाललं होतं. उद्या दाखवायचं, तर नेमकं आज."

साहेबराव तिच्या शेजारीच पडवीत बसले होते, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. त्यांनी मांडीवरचं पुस्तक जरा वर उचललं आणि वाचत असल्यासारखी मान खाली घातली.

त्यांची ही लेक हिंजवडीतल्या एका लहानशा कंपनीत अ‍ॅप आखायचं काम करायची. तिथून जवळच जांबे गावात खोली घेऊन राहायची आणि शनिवार-रविवार स्कूटरवरून माले गावी घरी यायची. सध्याचं अ‍ॅप होतं वाचनवेड्यांसाठी. कुठलं पुस्तक धरलंय, आज कितव्या पानापर्यंत आलो, कधी संपलं, याची रोजची नोंद. काम सुरू झालं तेव्हाच साहेबरावांनी तिला बजावलं होतं, "वापरून बघायला पयलं नाव माझं घाल." आणि ते रास्तच होतं. धरणावर पहारेकरी म्हणून तीस वर्षं काढताना या माणसाने पाळीमागून पाळी पुस्तकं संपवली होती. पौडच्या वाचनालयातला कारकून त्यांना येताना बघितलं की कपाट उघडून बाजूला व्हायचा.

तेव्हा डोळे धड होते.

गेल्या दिवाळीपासून मात्र जिथे नजर लावावी तिथेच राखेसारखा डाग बसला होता. कडेकडेचं दिसायचं. दार दिसायचं, कोंबडी दिसायची, माणूस चालीवरून ओळखू यायचा. अक्षर तेवढं दिसायचं नाही. थोरला प्रदीप त्यांना पुण्याला दाखवायला घेऊन गेला. तो औषधं आणायला खाली उतरला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गेलं ते परत येणार नाही, काका. आहे ते राखू." साहेबरावांनी मान हलवली आणि घरी येऊन सांगितलं की थेंब दिलेत, होईल बरं. उगाच सगळ्यांच्या जिवाला घोर कशाला? वर्षावासाचे तीन महिने विहारात ग्रंथ वाचून दाखवायचा मान दरसाल त्यांचा. यंदा त्यांनी शेजारच्या नम्रताला पुढे बसवलं आणि म्हणाले, नव्या पोरींना सवय पायजे. सगळ्यांना ते इतकं चटकन पटलं, की त्यांना थोडं वाईटच वाटलं.

मग अ‍ॅप आलं. शब्द दिलेला, माघार कशी घ्यायची? स्क्रीनवर आकडे चांगले तळहाताएवढे होते. साहेबराव रोज दिवेलागणीला फोन काढायचे आणि चेपायचे. दहा. वीस. तीस. पूर्वी दहा पानं ते चहा निवेपर्यंत वाचायचे, पण जास्त टाकलं असतं तर पोरीने पुस्तकात काय आहे ते विचारलं असतं.

"आबा, काल तुमी दोनशे दहा टाकलं का?"

"व्हय."

"पुस्तक दोनशे चारला संपतंय."

साहेबरावांचा हात पुस्तकावरून फिरला. गौतमीनेच आणून दिलेलं, जाड कागदाचं. हाताला तर तीनशेच्या खाली लागत नव्हतं.

"माझंच चुकलं असंल," गौतमी घाईने म्हणाली. "पानं भरताना. थांबा, तीनशे करते."

"आन उद्या तितं कुणी मोजली तर?"

"कोण मोजतंय, आबा." पण ती साहेबरावांकडे न बघताच बोलली. "आमच्या मोठ्या मॅडम आहेत ना, मृण्मयी, त्यांना तुमचीच नोंद पसंत पडलीय. चाळीस जणांनी अ‍ॅप घेतलं, आठवड्यात निम्मे गळाले. एकही दिवस न चुकवणारे तुमी एकटेच. तीच उद्या मोठ्या पडद्यावर लावणार आहेत. सगळ्यांसमोर."

उंबऱ्याशी त्यांची बायको फुलाबाई तांदूळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज एका लयीत येत होता. साहेबरावांनी तो थोडा वेळ ऐकला. पोरीने दीड वर्ष ज्यावर डोकं फोडलं, ते त्यांच्या थापेवर उभं राहणार होतं. आणि उद्या कुणा शहाण्याने ते पुस्तक उघडून शेवटचं पान बघितलं, की मान खाली घालायची वेळ गौतमीवर येणार होती.

"माझं नाव काढ त्यातनं," ते म्हणाले. "आकडे खोटे हायेत. एक पान वाचलेलं न्हाई म्या."

सूप थांबलं. गौतमीची बोटंही थांबली. आता ही विचारणार, का म्हणून? साहेबरावांनी उत्तर तयार ठेवलं, की पुस्तकच बेचव निघालं.

कुणीच विचारलं नाही.

ते वाट बघत राहिले. आणि वाट बघता बघता त्यांना आठवलं की कित्येक महिन्यांत चहाचा कप त्यांच्यासमोर कुणी खाली ठेवलेला नाही. तो सरळ हातातच येतो. पायरीवरच्या चपला प्रदीप येता-जाता भिंतीकडे सारतो. आणि अंगणात कुणीही आलं, की फुलाबाई घरातूनच त्याचं नाव घेऊन हाक मारते. पूर्वी मारायची का?

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

गौतमीने लॅपटॉप मिटला. "डॉक्टरांनी खाली येऊन दादाला सांगितलं होतं. त्याच दिवशी. तुमी घरी येऊन थेंब म्हणालात. मग आमी बी थेंब म्हणालो."

फुलाबाईंनी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि त्यांच्या अंगाला लागून येऊन बसल्या.

"दिसत न्हाई तुमाला," त्या म्हणाल्या. "द्या ते पोरीकडं, पैल्या पानापासनं वाचंल. मला बी ऐकू द्या, एकवीस दिस मांडीवर घिऊन काय बसला होता ते."