दहा पॉइंट सात

तिचं अकरावं रीडिंगही दहा पॉइंट सात आलं.

तिने प्रयोगशाळेतल्या ब्युरेटची, त्या आकडे कोरलेल्या उभ्या काचनळीची, तोटी बंद केली. खाली पांढऱ्या फरशीवर ठेवलेल्या फ्लास्कमधल्या ॲसिडला रंग आला होता. गुलाबी म्हणावा तर गुलाबी, नाही म्हणावा तर नुसता भास. तान्ह्या बाळाच्या नखाला असतो तेवढाच. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण केव्हाच भांडी धुऊन, जर्नलवर सही घेऊन मोकळी झाली होती.

"दहा पॉइंट दोन लिही गं बाई," मैत्रीण कानाशी म्हणाली. "सीनियरच्या जर्नलमध्ये तेच आहे, तिच्या सीनियरच्याही तेच होतं. पहिलं रीडिंग तेवढं जरा चुकवायचं. म्हणजे खरं वाटतं."

"पण मला दहा पॉइंट सात येतंय."

"तुलाच कसं येतं? आम्हाला कुणाला नाही आलं."

"तुम्ही केलंत कुठे?"

मैत्रीण हसत सुटली. वर्ग आपल्या या मैत्रिणीला शंकासूर म्हणायचा, तो काही उगीच नाही.

सह्यांचा आज शेवटचा दिवस. सही नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर अख्खं वर्ष पाण्यात. तिच्या पानावर मॅडमनी लाल शाईने 'पुन्हा करा' लिहिलं होतं. तीनदा.

"सगळ्या वर्गाचं दहा पॉइंट दोन," मॅडम म्हणाल्या, "आणि तुझंच दहा पॉइंट सात? तुझं ॲसिड काय वेगळ्या विहिरीचं आहे?"

"तेच कळत नाहीये, मॅडम. म्हणून तर करत बसलेय."

"साडेचारला जर्नलं ऑफिसात जाणार. नीट लिहून आण, नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

वर्ग रिकामा झाला. तिने पिपेट बदललं, ब्युरेट बदलली, पुन्हा सगळं धुतलं. थेंब लोंबला, थेंब सुटला, थेंब रंगून विरून गेला. आणि मग एका थेंबाने विरायचं नाकारलं. दहा पॉइंट सात. हात चुकतोय म्हणावं, तर दर वेळी इतका सारखा कसा चुकेल? हात गेला, काच गेली. उरली फक्त ती ॲसिडची तपकिरी बाटली.

बाटल्या भरायचे ते प्रयोगशाळेतले मदतनीस, सगळ्यांचे मामा. मागच्या खोलीत ते फ्लास्क विसळत होते. केस पिकेपर्यंत त्यांनी याच नळाखाली भांडी धुतली होती आणि याच तराजूवर तोलून प्रत्येक वर्गाची द्रावणं केली होती.

"मामा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"ॲसिड तुम्ही बनवलंत ना? ते... नेहमीसारखंच आहे?"

मामांचा हात पाण्याखाली तसाच राहिला.

"किती आलं?"

"दहा पॉइंट सात."

"कितीदा?"

"बारा वेळा."

मामांनी नळ बंद केला. एकेक बोट पुसलं. खिशातून एक मळकी छोटी वही काढली आणि सरळ मॅडमच्या टेबलाकडे चालू लागले. ती मागोमाग.

"मॅडम, पोरीचं बरोबर आहे. या वर्षीचं दहा पॉइंट सातच आहे."

"या वर्षीचं म्हणजे?"

"दर वर्षी मी ॲसिड चिमूटभर कमी-जास्त करतो." त्यांनी वही पुढे केली. वर्षाला एक ओळ, ओळीपुढे एक आकडा. "म्हटलं, बघू तरी, कुणी विचारायला येतं का."

मॅडमचा आवाज चढला. "हे कुणाला विचारून केलंत? मी वर कळवलं तर नोकरी जाईल तुमची!"

"जाईल," मामा म्हणाले. आणि मुलीकडे पाहून, कौतुक न लपवता, "पण आली ना एक."

मॅडमनी वही ओढून घेतली. त्यांचं बोट पानांवरून मागे मागे जाऊ लागलं, वर्षांमागून वर्षं ओलांडत, आणि एका ओळीवर येऊन थबकलं.

"हो, ते तुमचं वर्ष," मामा हळूच म्हणाले. "नऊ पॉइंट आठ होतं. तुम्हीही दहा पॉइंट दोनच लिहिलं होतंत."

दारात ऑफिसचा शिपाई येऊन उभा राहिला. "मॅडम, जर्नलं?"

"थांबा म्हणावं त्यांना. एक सही राहिलीय."

मॅडमनी वही मिटून मामांच्या हातात ठेवली. लाल पेनाला टोपण लावलं. खुंटीवरचा कुणाचा तरी डाग पडलेला एप्रन अंगात चढवला.

"ब्युरेट भर," त्या मुलीला म्हणाल्या.

तिने भरली. मॅडम वाकल्या, चष्मा कपाळावर सरकवला, डोळा रेषेच्या उंचीला आणला. बोटांनी तोटी किंचित सोडली. पहिला थेंब लोंबला.

"कुठे थांबायचं," त्या म्हणाल्या, "ते तू सांग हं मला."