मधल्या रिकाम्या जागा

पेटीचा भाता अर्ध्यावर थांबवून लक्ष्मणरावांनी मुकेशवर डोळे वटारले.

"खंजिरी वाजवून राह्यला का पाठ खाजवून राह्यला बे? चकत्यांचा आवाज कुठं हाय?"

मुकेशनं भजन मंडळातल्या बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. "आता जोरात वाजवतो, काका," तो म्हणाला.

अल्लीपुरात पेटीवर लक्ष्मणरावांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि त्यांच्या तोंडी लागणाराही नव्हता. हल्लीची माणसं निम्मे शब्द तोंडातच गिळतात, असं त्यांचं मत होतं. खंजिरीवाले त्यातलेच.

पण आज त्यांचं मन भजनात नव्हतं. उद्या बायकोचं, आनंदाबाईंचं, दुसरं वर्षश्राद्ध. त्यासाठी मयुरी नागपूरहून येणार होती आणि तिच्याशी काय बोलायचं ते त्यांनी मनात शंभरदा घोळवून ठेवलं होतं.

एकुलती एक पोरगी. नागपुरात एका स्टुडिओत रेकॉर्डिंगचं काम करायची. गेल्या वर्षी आईच्या श्राद्धाला तिनं भजनाऐवजी स्वतः केलेली एक चीज अंगणात स्पीकरवर लावली. ना राग, ना ताल. कापसाच्या जिनिंगचा धडधडाट, एसटीचं इंजिन, भाकरी थापल्याची थपथप. मधेच सगळं बंद. बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा थपथप, पुन्हा बंद.

जन्म भजनात गेलेला माणूस. त्यांना राहवलं नाही. चारचौघांत उठून ते म्हणाले, "यात आयकण्यासारखं हाय तरी काय?"

मयुरीनं स्पीकरची वायर उपटली आणि संध्याकाळच्या गाडीनं ती निघून गेली. त्यानंतर वर्षभर ती बापाशी एक शब्द म्हणून बोलली नाही. बायको गेली होतीच, आता लेकही गेली. घर खायला उठायचं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. ते गाणं बंद पडलं की अंगणातल्या बाया पदर डोळ्याला लावत होत्या. वाजत असताना नाही, बंद पडल्यावर. न वाजणाऱ्या गाण्याला कोणी रडतं का?

शेवटी अभिमान गिळून त्यांनी मुकेशकडून ती चीज मोबाइलवर घेतली आणि रोज सकाळी ओसरीवर बसून ऐकू लागले. आधी सगळं पालथ्या घड्यावर पाणी. ते समेची वाट पाहायचे, सम काही यायची नाही. चिडून बंद करायचे, दुसऱ्या दिवशी परत लावायचे.

आणि एका सकाळी थपथप थांबली तेव्हा त्यांना सेवाग्रामचा दवाखाना दिसला. शेवटच्या दिवसांत आनंदाबाईंची वाचाच गेली होती. नुसते ओठ हलायचे. लक्ष्मणराव हात हातात घेऊन त्या ओठांकडे बघत बसायचे, त्यांनाही काही बोलणं सुचायचं नाही. पलंगाच्या पलीकडे मयुरी असायची.

तीच ही शांतता! पोरीनं ती जशीच्या तशी गाण्यात ठेवली होती. प्रत्येक मात्रा सुरांनी ठासून भरणाऱ्या पेटीवाल्याला हे कधी सुचलं नसतं. लक्ष्मणराव ओसरीवर एकटेच ढसाढसा रडले. त्यांना लेकीचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली.

भजनाच्या दुसऱ्या दिवशी श्राद्ध पार पडलं. पाहुणे गेल्यावर ते ओसरीवर बसले. थोड्या वेळानं मयुरी स्वयंपाकघरातून येऊन समोर उभी राहिली.

"कवाची आवाज देऊन राह्यली. चहा ठेवू का?"

"बस जराशी," ते म्हणाले. "मी चुकलो, बाई. तुह्यं गाणं मले समजलं नोतं. आता समजलं."

मयुरी त्यांच्यासमोर टेकली.

"तू मधात ज्या रिकाम्या जागा ठेवल्या ना, तेच खरं गाणं हाय. मी रोज त्याच्यासाठीच लावतो."

"रिकाम्या जागा?"

"हो मंग. आनंदा गेली तवापासून या घरात तेच वाजून राह्यलं. तुले ते कसं सुचलं, पोरी?"

मयुरी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिनं त्यांचा मोबाइल घेतला, गाणं लावलं आणि त्यांच्या कानाशी धरलं. थपथप थांबली. लक्ष्मणरावांनी डोळे मिटले आणि सम सापडल्यासारखी मान हलवली.

"आयक," ते म्हणाले. "काहीच नाई. किती सुंदर."

मयुरीनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं म्हणाली, "बाबा, तिथं आई बोलून राह्यली. दवाखान्यात तुमच्याशी बोलत होती ना, तेच."