कोंबडीची सोय

“अंडी देते का?” चहाच्या टपरीवाल्यानं टोपलीवरचं फडकं उचलून विचारलं.

“सध्या नाही. खुडूक झालीय.”

“मग काय कपाटात सजवून ठेवू?” तो हसला. “द्यायची तर अशीच दे. संध्याकाळी पातेलं चढवतो.”

तिनं टोपली ओढून घेतली आणि चालू लागली. शिंपिणीकडे हेच, गिरणीवाल्याकडेही हेच. खुडूक कोंबडी म्हणजे लोकांच्या लेखी बसून खाणारी. अंडी बंद, आणि ध्यानीमनी एकच, पोटाखाली काहीतरी घेऊन बसायचं. ही तर एकदा कांद्यांवर बसली होती आणि उठवायला गेलेल्या मांजराला तिनं पळता भुई थोडी केली होती. असं चिकाटीनं बसणं सगळ्या कोंबड्यांना जमत नाही. पण हे सांगायचं कुणाला? ज्याच्या त्याच्या डोळ्यांत पातेलंच.

संध्याकाळी गाडी होती. लांबच्या शहरात एका घरी जुळी मुलं सांभाळायचं काम मिळालं होतं, राहणं-जेवण तिथंच. स्वतःची पोर आणायची नाही, हे मालकिणीनं आधीच बजावलं होतं. नवरा असून नसल्यासारखा. पोरीची सोय सकाळी एका वाक्यात झाली. “राहील की, तिघांत चौथी,” नणंद म्हणाली, आणि लगेच, “कोंबडीबिंबडी मात्र नको हं.” पोर आत्याच्या दारात उभी राहिली. हिनं मागं वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर पाय निघाला नसता. तेव्हापासून ती टोपली घेऊन जिवाच्या आकांतानं दारोदार फिरत होती. एवढं एक जमलं तर बाकीचंही जमेल, असं तिनं मनाशी धरलं होतं.

शेवटचं दार कालव्याकाठच्या बदकंवालीचं, नणंदेच्या घरासमोरचं; सकाळी पोरीला आत्याकडे सोडताना म्हातारीनं पाहिलं होतं. म्हातारी भिंतीला टेकून घमेलं घासत होती.

“खुडूक?” तिनं घमेलं खाली टाकलं. “अगं, मग दारात काय उभी राहिलीस? आत ये!”

तिनं कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. “तव्यासारखी तापलीय. देवच पावला म्हणायचा. बदकांचं असं असतं बघ, अंडी घालायची आणि चालू पडायचं. उबवायला दुसरं कुणीतरी लागतंच.”

म्हातारी बदकांबद्दलच बोलत होती. तरी हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“कापणार नाही ना, मावशी?”

“हिला कापून मी काय माझं नशीब शिजवू?”

कोपऱ्यातल्या खोक्यात भुसा पसरला होता. बदकाची अंडी मोठी, हिरवट. कोंबडीनं एकदाही शंका काढली नाही. चोचीनं एकेक अंडं पोटाखाली ओढलं, पिसं फुलवली आणि डोळे मिटले. झालं, सोय झाली. आता निघायला हवं होतं, पण हिचा पाय हलेना.

“पाणी जवळ ठेवा, मावशी. रोज एकदा उचलून खाली सोडावी लागते, नाहीतर उपाशी बसते.”

“माहीत आहे गं.”

“आवाज चढवलेला तिला चालत नाही. भेदरते.”

“नाही चढवणार.”

“आणि जेवताना मध्येच उठते, पण तिचं पोट भरलेलं नसतं. परत बोलवावं लागतं. झोपेत पांघरूण लाथाडते. थंडी वाजली तरी सांगत नाही, नुसती मुटकुळं करून पडते. तेवढं एकदा उठून घालायचं…”

म्हातारीचा भुसा सारखा करणारा हात थांबला. तिनं वर पाहिलं. हिच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ते पुसायचंही हिला सुचत नव्हतं.

“हे तिच्या आत्याला सांगितलंस का?” म्हातारीनं हळूच विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली.

“तिथं कसं सांगू, मावशी? तिथं उपकार घेतलेत.”